राजीनामा देण्याआधी तिसरी ऑर्डर मोजा: नोकरी सोडून घरून डायरेक्ट सेलिंग करायचं असेल तर



"मॅडम, नोकरीचा कंटाळा आलाय. एका डायरेक्ट सेलिंग कंपनीचं काम घरून सुरू केलंय. पहिल्याच महिन्यात चाळीस हजारांचा माल गेला. आता रिझाइन करू का?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. विचारणारा माणूस हुशार असतो. पाच-सहा वर्षं कंपनीत काढलेली असतात, एक्सेल येतं, टार्गेट काय असतं तेही माहीत असतं. पण हा एक हिशेब मात्र त्याने किंवा तिने मांडलेला नसतो.

व्हिडिओत आकडे भराभर सांगून झाले. इथे ते सावकाश बघूया. कागद-पेन घेऊन बसा, मोबाईलवरचा कॅल्क्युलेटरही चालेल.

आधी एक स्पष्ट करते. मी डायरेक्ट सेलिंगच्या विरोधात नाही. घरोघरी जाऊन, माल हातात देऊन, वापरून दाखवून विकणं हा जुना आणि इमानदार धंदा आहे. साडीचं बोचकं घेऊन वाड्यात येणारे काका तेच करायचे, भिशीच्या दिवशी मसाल्याची पाकिटं घेऊन येणाऱ्या काकूही तेच करतात. माझा मुद्दा नोकरी कधी सोडायची एवढाच आहे. आणि त्याचं उत्तर पहिल्या महिन्याच्या विक्रीत सापडत नाही.

तुमचा पगार नक्की किती आहे?

समजा तुम्ही पुण्यात हिंजवडीला नोकरी करता आणि महिन्याला ४२,००० रुपये खात्यात येतात. बहुतेक जण इथेच थांबतात. "बेचाळीस हजार सुटले की झालं." पण नोकरी तुम्हाला बेचाळीसपेक्षा जास्त देते.

बेसिक २०,००० धरू. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असतील तर तुमचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० दर महिन्याला जमा होतात. दोन्ही तुमचेच पैसे. ग्रॅच्युइटीपोटी महिन्याला साधारण ९६० रुपये तुमच्या नावाने चढत असतात. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, त्यात नवरा किंवा बायको आणि मुलं असतात. तसंच कव्हर बाहेरून घ्यायला आपण महिन्याला १,५०० धरू. (हा माझा अंदाज आहे. तुमचं वय आणि आई-वडिलांचा समावेश यावर तो दुप्पटही होईल, तेव्हा कोटेशन मागवूनच आकडा लिहा.)

४२,००० + १,८०० + १,८०० + ९६० + १,५००. बेरीज झाली ४८,०६०.

आता दुसरी बाजूही लिहूया. ऑफिसला जायचं थांबलं की पेट्रोल, कॅन्टीन, दर दोन महिन्यांनी फॉर्मल कपडे हे वाचतं. त्याचे ४,००० वजा करा. म्हणजे घरच्या धंद्यातून खर्च जाऊन महिन्याला ४४,००० सुटले, तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच आहात. प्रगती त्याच्या पुढे.

हा आकडा मोठा लिहून फ्रिजवर चिकटवा. पुढचं सगळं याच्याशी जुळवून बघायचंय.

४४ हजारांसाठी किती घरं लागतात?

घरगुती साफसफाईचे लिक्विड, साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, प्रोटीन पावडर विकणाऱ्या कंपनीचं उदाहरण घेऊ. प्रत्येक कंपनीचा प्लॅन वेगळा असतो, म्हणून तुमच्या कंपनीचे आकडे इथे टाका. मी समजायला सोपे घेते.

एमआरपीवर तुम्हाला २० टक्के सूट मिळते. एका घराची ऑर्डर १,००० रुपयांची. म्हणजे २०० रुपये मार्जिन. पण वहिनी म्हणणार, "अगं, मला तरी कमी लाव!" आणि लावावं लागतं. ५० गेले. माल पोचवायला जाणं-येणं, पिशवी, फोन यात २० गेले. राहिले १३०. वर कंपनीकडून तुमच्या स्वतःच्या विक्रीवर १० टक्के कमिशन मिळतं असं उदारपणे धरू, ते १००. एकूण २३० रुपये एका ऑर्डरमागे.

४४,००० भागिले २३०. उत्तर १९१.

महिन्याला १९१ ऑर्डर. सव्वीस दिवस काम केलं तर रोज सात-आठ. प्रत्येक ऑर्डरमागे फोन, पॅकिंग, पोचवणं आणि पैसे घेणं असा अर्धा तास धरला तरी महिन्याचे शंभरेक तास फक्त पोचवण्यात जातात. नवीन गिऱ्हाईक शोधणं आणि डेमो देणं वेगळं.

बरं, भांडी घासायचं लिक्विड एका घरात दर महिन्याला संपत नाही. दोन महिन्यांनी एकदा ऑर्डर येते असं धरलं तर ३८० च्या आसपास घरं तुमच्याकडून नियमित घेणारी लागतील. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत दहा घरांनी घेतलं तरी मी त्याला चांगलं म्हणेन. म्हणजे ३८ सोसायट्या.

हे अशक्य आहे का? नाही. वर्षानुवर्षं हेच करून घर चालवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पण त्यांना तिथे पोचायला वर्षं लागली. पहिल्या महिन्यात चाळीस हजारांचा माल गेला म्हणजे त्यांच्या जागी पोचलो असं होत नाही. चाळीस हजारांचा माल म्हणजे आपल्या हिशेबाने ४० ऑर्डर, आणि ४० गुणिले २३० झाले ९,२००.

आणि भांडवल? १९१ ऑर्डरी म्हणजे महिन्याला १ लाख ९१ हजारांची विक्री. त्यासाठी दीड लाखाच्या वर माल आधी पैसे देऊन उचलायचा. पंधरा दिवसांत पैसे फिरले तरी ७५-८० हजार कायम मालात अडकलेले. त्यात "पगार झाला की देते" म्हणणारी वीस टक्के गिऱ्हाइकं धरली तर आणखी ३८ हजार लोकांच्या घरात. उधारी वसूल करताना नाती कशी ताणली जातात ते दुकान चालवणाऱ्याला विचारा, म्हणजे मला.

लाजेची ऑर्डर आणि गरजेची ऑर्डर

आता मूळ मुद्द्यावर येते. पहिल्या महिन्यात घेणारे कोण असतात? मावशी, आत्या, शाळेतली मैत्रीण, ऑफिसमधली टीम, मुलाच्या मित्राची आई. ते माल का घेतात? तुमच्यासाठी घेतात. "हिने एवढं नवीन सुरू केलंय, एक तरी घेऊया." याला मी लाजेची ऑर्डर म्हणते. त्यात वाईट काही नाही. आपल्याकडे कोणताही धंदा असाच सुरू होतो, दुकानाच्या उद्घाटनालाही नातेवाईकच पहिली खरेदी करतात. पण त्या खरेदीवर कोणी दुकानाचं भाडं ठरवत नाही.

दुसरी ऑर्डर येते तेव्हा थोडं कळतं. तीही बऱ्याचदा तुम्ही फोन केल्यावर येते. "काकू, ते लिक्विड संपलं असेल ना?" काकू नाही कसं म्हणणार!

तिसरी ऑर्डर खरी. तुम्ही फोन न करता, समोरून मेसेज येतो: "ते मागच्यासारखं दोन बाटल्या पाठव." ही गरजेची ऑर्डर. त्या घराने दुकानातली बाटली, ऑनलाइनची ऑफर, किराणावाल्याने सांगितलेला दुसरा ब्रँड हे सगळं बाजूला ठेवून तुमचं निवडलंय. हाच तुमचा धंदा. बाकी सगळी सुरुवात.

म्हणून नोकरी चालू ठेवून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी सहा महिने विका. एक साधी वही करा. नाव, ओळख कशी (नातं, मैत्री, ऑफिस की अनोळखी), काय घेतलं, तारीख, रोख की उधार. आणि शेवटचा रकाना महत्त्वाचा: ऑर्डर त्यांनी स्वतःहून दिली की तुम्ही विचारल्यावर. सहा महिने का, तर दोन महिन्यांनी संपणाऱ्या वस्तूची तिसरी ऑर्डर यायलाच चार-पाच महिने लागतात. त्याआधी कोणाला काही कळूच शकत नाही, तुम्हालाही नाही आणि तुमच्या अपलाइनलाही नाही.

सहा महिन्यांनी फक्त एक आकडा काढा. स्वतःहून तिसरी ऑर्डर देणारी, नात्यात नसलेली घरं किती? ती साठ असतील तर तुमच्या हातात खरोखर काहीतरी आहे. तेव्हा नोकरीत पार्टटाइमचा पर्याय मिळतो का किंवा घरातल्या दुसऱ्या पगारावर वर्ष निघतं का, हे बोलण्यात अर्थ आहे. सात असतील तर वही चालू ठेवा, नोकरीही चालू ठेवा. साठ हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, नियम नव्हे. साठ घरांतून घर चालत नाही, वर आपण पाहिलंच. पण साठ घरं टिकवणाऱ्याला पुढची मिळवता येतात, एवढं मी पाहिलंय.

एक सावधगिरी: तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करायचा नाही, असं कलम बऱ्याच कंपन्यांत असतं. असेल तर एचआरला लेखी विचारा. आणि तुमच्या हाताखाली काम करणाऱ्यांना कधीही माल विकू नका. तो नाही म्हणू शकत नाही, म्हणून ती लाजेच्याही खालची ऑर्डर.

"पण डाउनलाइनमधून येईल ना उत्पन्न!"

इथे बॅचमधला आवाज वाढतो. "मॅडम, तुम्ही फक्त रिटेलचं बोलताय. खरी कमाई टीममधून आहे."

टीममधली माणसं गिऱ्हाइकांना माल विकत असतील आणि त्या विक्रीवर तुम्हाला हिस्सा मिळत असेल तर ठीक. पण मग त्या प्रत्येकालाही वरची तीच ३८० घरं शोधायची आहेत, बहुतेक तुमच्याच भागात. प्रत्येकाने सहा जण आणायचे हे गणित फळ्यावर छान दिसतं. सहाचे छत्तीस, छत्तीसचे दोनशे सोळा. दहाव्या पायरीला ते ६ कोटी ४ लाखांच्या वर जातं. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, तान्ह्या बाळांसकट. अकराव्या पायरीला ३६ कोटी माणसं लागतात. पुढे बोलायला नको.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी २०२४ मध्ये अशा कंपन्यांची ७० उत्पन्नपत्रकं तपासून अहवाल काढला. कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली ही पत्रकं. त्यातही बहुतेक सभासदांची वर्षाची कमाई हजार डॉलर किंवा त्याहून कमी निघाली, आणि बहुतेक पत्रकांत पेट्रोल, माल, मीटिंगची तिकिटं हे खर्च वजाच केलेले नव्हते. तिथली परिस्थिती वेगळी आहे हे मान्य. पण व्यवसायाचं मॉडेल तेच आहे. तुमच्या कंपनीला असं पत्रक मागा: मागच्या वर्षी भारतात किती सभासद होते आणि त्यातल्या मधल्या माणसाला किती मिळाले? स्टेजवर आलेल्याला किती मिळाले ते नको.

टीमच्या नादात एक सापळा हमखास लागतो. महिनाअखेर आली, लेव्हल टिकवायला आठ हजारांचा व्हॉल्यूम कमी पडतोय. अपलाइनचा फोन येतो, "थोडं स्वतःच्या आयडीवर उचल, पुढच्या महिन्यात निघून जाईल." माल उचलला जातो. तो पलंगाच्या बॉक्समध्ये जातो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. कंपनीच्या रेकॉर्डमध्ये तुमची विक्री वाढते आहे, कमिशनही थोडं येतंय आणि घरात माल साठतोय. पलंगातला माल विकला जाईपर्यंत तो खर्च असतो, आणि शॅम्पूच्या बाटलीला एक्स्पायरी असते. दर महिन्याच्या तीस तारखेला घरातल्या मालाची एमआरपीने बेरीज करून वहीत लिहा. ती बेरीज सलग तीन महिने चढत असेल तर तुम्ही विक्रेते राहिला नाहीत, तुम्ही कंपनीचं गिऱ्हाईक झालात.

कंपनी कशी ओळखायची

केंद्र सरकारने २०१६ मध्ये डायरेक्ट सेलिंगसाठी राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं दिली. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली, डायरेक्ट सेलिंगचे स्वतंत्र नियमच आले. त्यात पिरॅमिड स्कीम चालवायला आणि तिच्यात माणसं भरायला बंदी आहे. पैसे फिरवणाऱ्या योजनांवर तर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. त्यामुळे "आमचं रजिस्ट्रेशन आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. कंपनी म्हणून रजिस्ट्रेशन कोणाचंही होतं.

तुम्ही विचारायचे प्रश्न वेगळे. जॉइनिंगला पैसे आहेत का? २०१६ च्या तत्त्वांप्रमाणे प्रवेश फी, नोंदणी फी, डेमोच्या साहित्याचे पैसे घ्यायचे नसतात. "फी नाही, फक्त अठरा हजारांचं स्टार्टर पॅकेज घ्या" हे त्याच फीचं दुसरं नाव आहे. लेखी करार देतात का? विचार बदलला तर करारातून विनादंड बाहेर पडायला मुदत आहे का, म्हणजे कूलिंग-ऑफ पिरियड? विक्रीयोग्य माल परत घेतात का आणि किती टक्के कापून? हे करारात दाखवा म्हणा. तोंडी "हो हो, घेतात की" चालणार नाही.

नियम तुमच्यावरही आहेत, हे मात्र मीटिंगमध्ये कोणी सांगत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही. "तुम्ही अजून तीन जणांना सांगितलंत की तुमचे पैसे वसूल" असं सांगून माल विकायचा नाही. कंपनीने अधिकृतपणे न केलेला दावा करायचा नाही.

शेवटचा मुद्दा आरोग्याच्या वस्तू विकणाऱ्यांनी दोनदा वाचा. व्हॉट्सॲप स्टेटसवर "आमच्या ज्यूसने काकांची शुगर बरी झाली, गोळ्या बंद!" असं टाकणारे मी रोज बघते. मधुमेहासारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. कायदा बाजूला ठेवा, उद्या एखाद्या आजोबांनी तुमच्या शब्दावर इन्सुलिन बंद केलं तर? खायच्या-प्यायच्या वस्तू विकताना एफएसएसएआयची नोंदणीही लागते, ती करूनच घ्या.

कराचं थोडक्यात

कमिशनवर कंपनी टीडीएस कापते. पॅन दिला नाही तर जास्त दराने कापते. ट्रिप, स्कूटर, मोबाईल असं काही बक्षीस मिळालं तर तेही उत्पन्नच असतं आणि वर्षाला वीस हजारांच्या वरच्या अशा लाभावर १० टक्के टीडीएसचा नियम २०२२ पासून आहे. "फ्री" ट्रिप म्हणूनच पूर्ण फ्री नसते.

छोट्या व्यापाऱ्यांना विक्रीच्या ठरावीक टक्क्यावर कर भरायची सोय आहे, ४४एडी म्हणून ओळखली जाते. ती कमिशनचं उत्पन्न असणाऱ्यांना मिळत नाही. त्यामुळे पेट्रोल, कुरिअर, फोन यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून फाईलला लावा.

जीएसटीत एक मेख आहे. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यात "फक्त" हा शब्द आहे. कमिशन ही सेवा धरली जाते, आणि वस्तू आणि सेवा दोन्ही असतील तर मर्यादा २० लाखांची. आपल्या उदाहरणात वर्षाची विक्री जवळजवळ २३ लाख, वर कमिशन सव्वादोन लाखांच्या पुढे. म्हणजे पगाराएवढं कमवायला लागलात की नोंदणी करावी लागणार. ऑर्डर गिऱ्हाइकाच्या नावाने थेट कंपनीच्या ॲपवर जात असेल तर हिशेब बदलतो, तो सीएकडून समजून घ्या. हजार-दोन हजार फी गेली तरी चालेल.

आपलाच माल विकला तर?

अनेकांना हे सुचतच नाही. घरून थेट विकायचं म्हणजे कुठल्या तरी कंपनीचंच विकायचं असं थोडंच आहे! थालीपीठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दिवाळीचा फराळ, येवल्याहून आणलेल्या साड्या. इथे भाव तुम्ही ठरवता, लेव्हल टिकवायची कटकट नाही, आणि गिऱ्हाईक तुमचं नाव घेऊन येतं. मसाल्याच्या पाकिटावर उत्पादनाची तारीख, वजन, एमआरपी, एफएसएसएआय नंबर हवा. त्याचे सोपस्कार आहेत, पण अवघड नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

तोटाही सांगते. कष्ट जास्त आहेत. भाजणी भाजायला बसलं की दुपार जाते, आणि चव एकदा बिघडली की सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पोचते. कंपनीच्या मालात हा त्रास नाही. पण तिसऱ्या ऑर्डरची परीक्षा इथे लवकर होते. भाजणी पंधरा दिवसांत संपते. दीड-दोन महिन्यांत कळतं की लोक पुन्हा मागतायत की नाही.

सोडायचं ठरलंच तर तारीख बघून सोडा

वहीने होकार दिला, घरी बोलणं झालं, ठरलं. तरी आजच मेल पाठवू नका.

तुमची पाच वर्षं कधी पूर्ण होतात ते बघा. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षं सलग सेवा लागते. बेसिक २०,००० असेल तर २०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे ५७,७०० च्या आसपास. चार वर्षं सात महिन्यांवर कंटाळून सोडणारी माणसं मला भेटलीत. पाच महिने थांबले असते तर धंद्याचं निम्मं भांडवल तिथेच होतं.

पीएफ काढून माल भरू नका. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर करही लागतो. तो तसाच राहू द्या, यूएएनची केवायसी मात्र नोकरीत असतानाच पूर्ण करा. नंतर एचआर फोन उचलत नाही.

मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घ्या, नंतर नको. नवीन पॉलिसीला अपघात सोडला तर पहिल्या तीस दिवसांचा वेटिंग पिरियड असतो, आणि आधीपासून बीपी-शुगर असेल तर त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते आधी विचारा. तसं झालं तर आधी काढलेला वेटिंगचा काळ वाया जात नाही.

घराचं किंवा गाडीचं कर्ज काढायचा विचार असेल तर तोही पगाराच्या स्लिपा हातात असतानाच करा. धंदेवाईकाला बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. अर्थात हप्ता वाढला की फ्रिजवरचा ४४,००० चा आकडाही वाढतो, तो खोडून नवीन लिहा.

आणि घरखर्च अधिक हप्ते असे नऊ महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. धंद्याचं खातं वेगळं, हे वेगळं. या खात्यातून माल उचलायचा नाही, अपलाइनने दिवाळी ऑफर सांगितली तरी नाही. शक्य असेल तर हे खातं नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा आईच्या सहीशिवाय हलणार नाही असं जॉइंट करा.

निघताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, फॉर्म १६ आणि शेवटच्या तीन स्लिपा पीडीएफ करून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. मॅनेजरशी गोड बोलून निघा. वर्षभराने पुन्हा नोकरी शोधायची वेळ आली तर त्याचाच फोन नंबर रेफरन्सला द्यायचाय, आणि कदाचित त्याच्या घरी तिसरी ऑर्डरही जात असेल.

पुढच्या व्हिडिओत वर सांगितलेली वही रकाने आखून दाखवते आणि एका महिन्याच्या नोंदी भरूनही दाखवते. तोवर पगाराची स्लिप काढा आणि पहिली बेरीज करून ठेवा.